कयाधूचा काठ : आधी पाणी, मग जागा, मग बाग



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आयुष्यभर मुलांना आपल्या गावाच्या आसपासचे बघायला शिकवले. म्हणून आज मी दूरचा विषय घेतलेला नाही. तुमच्या हिंगोली शहराला लागून वाहणारी कयाधू हाच माझा विषय आहे. नदीचा काठ पुन्हा जिवंत कसा करायचा, तिथे पक्षी, मासे, झाडे यांना घर आणि माणसांना मोकळा श्वास एकाच वेळी कसा मिळेल, हे मला मांडायचे आहे.

कयाधूचा उगम वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात. तिथून ती सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी हे तीन तालुके ओलांडते, नांदेडमधल्या हदगावकडे वळते आणि पैनगंगेला मिळते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी याच नदीच्या काठी आहे. आषाढी वारीनंतर परतवारीसाठी तिथे लोटणारी गर्दी तुम्ही पाहिली आहे. मोठ्या धरणांच्या यादीत या नदीचे नाव झळकत नाही. तरीही जिल्ह्याच्या मधून जाणारी, इथल्या गावांना सगळ्यात जवळची नदी हीच.

पाणी एका नदीचे, सांडपाणी दुसरीला

एका साध्या वस्तुस्थितीपासून सुरुवात करतो. हिंगोली शहर पिते ते पूर्णेचे पाणी. औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणातून ते आपल्याकडे येते. आपण वापरलेले पाणी मात्र नाल्यांवाटे उतरते ते कयाधूत. पूर्णा थेट गोदावरीला मिळणारी नदी. कयाधूत गेलेले तेच पाणी आधी पैनगंगा, मग वर्धा, मग प्राणहिता असा लांबचा फेरा घेते आणि थेट तेलंगणात, कालेश्वरमपाशी गोदावरीत पोचते. एका खोऱ्यातून उचलायचे आणि दुसऱ्या खोऱ्यात घाण करून सोडायचे, हा व्यवहार आपण रोज करतो.

कयाधू आपल्या मनातून का उतरली, याचे उत्तर मला इथेच सापडते. नळाला येणारे पाणी ज्या नदीचे, तिची पातळी आपण वर्तमानपत्रात वाचतो. सिद्धेश्वर किती टक्के भरले, येलदरी धरणातून किती सोडले, हे चहाच्या टपरीवरही ठाऊक असते. कयाधूत यंदा पाणी किती महिने वाहिले, हे विचारले तर शहरात फार थोडे लोक सांगू शकतील. तिच्यावर आपली तहान अवलंबून राहिली नाही आणि तिच्याकडे जायचे कारणही उरले नाही. ज्या ठिकाणी जायचे कारण संपते, तिथे कचऱ्याची पहिली गाडी रिकामी होते.

याचे प्रमाणही समजून घेऊ. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजारांच्या घरात होती. शहरी पाणीपुरवठ्याचे माप माणशी दररोज १३५ लिटर आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे अभियंते धरतात. पाणी पूर्ण मापाने मिळाले असे मानले, तर त्या वेळच्या लोकसंख्येलाच रोजचे सुमारे ९० लाख लिटर सांडपाणी होते. पावसाळ्यात ते पुरात विरून जाते. फेब्रुवारीनंतर नदीचा स्वतःचा प्रवाह थांबला की पात्रात उरते ते बहुतांशी हेच. खालच्या अंगाला कळमनुरी तालुक्यातली गावे आहेत. त्यांची जनावरे हेच पाणी पितात, त्यांच्या विहिरींत तेच झिरपते. शहराच्या काठाचा प्रश्न म्हणूनच शहरापुरता राहत नाही.

नदी वाहते कशावर?

आपला जिल्हा बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या खडकाच्या पठारावर आहे. वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग पाऊस संपल्यावरही पूर्वी कयाधू महिनोन्‌महिने कशी वाहत होती? उत्तर जमिनीखाली आहे. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि त्याखाली अभेद्य पाषाण. मुरूम आणि भेगाळलेला खडक यांत मुरलेले पाणी माठासारखे हळूहळू पाझरते आणि ओढ्याओघळींतून नदीला मिळते. हिवाळ्यातली नदी म्हणजे हा पाझर.

आपण या पाझराच्या वाटा तोडल्या. शेकडो फूट खोल बोअर घेतले. वरचे पाणी खाली ओढले गेले. रेतीचा उपसा झाला. रेतीचा थर पुराचे पाणी धरून ठेवतो, गाळून देतो आणि नदीतल्या जिवांना अंडी घालायला जागा देतो. तो खरवडला की उघडा खडक उरतो आणि ऊन लागताच पात्र कोरडे पडते. हळदीसारखे पीक आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मलाही अभिमान आहे. पण मे-जूनमध्ये लावलेली हळद काढणीपर्यंत आठ-नऊ महिने रानात उभी असते आणि पाऊस गेल्यावर तिला विहिरीचेच पाणी लागते. शेतकऱ्याने हळद सोडावी असे मी म्हणणार नाही. ठिबक, आच्छादन आणि शिवारात पाणी मुरवणे यांना हळदीच्या बरोबरीने जागा मिळाली, तर शेतही तगेल आणि पाझरही.

शहराच्या काठावर कितीही झाडे लावली आणि वरच्या अंगाला पाणी मुरले नाही, तर ती झाडे कोरड्या नाल्याच्या काठावरची झाडे होतील. म्हणून सेनगाव तालुक्यातला बांध आणि हिंगोलीतला काठ हे एकच काम आहे. कळमनुरी तालुक्यातल्या उमरा येथील उगम ग्रामीण विकास संस्थेने जयाजी पाईकराव यांच्या पुढाकाराने कयाधूकाठच्या गावांमध्ये लोकांना बरोबर घेऊन काम केले, त्याचे मोल इथे कळते. २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून राज्य सरकारचे ‘चला जाणूया नदीला’ अभियान सुरू झाले. नदीचे आजारपण ओळखायला आधी तिच्या काठाने चालले पाहिजे, हा त्या अभियानाचा विचार मला मनापासून पटतो.

काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे

शहरात नदीकाठाकडे रिकामा भूखंड म्हणून पाहिले जाते. जवळ जाऊन पाहा. पाण्यात अर्धवट बुडालेला लव्हाळा आणि पाणकणीस असतात. त्यांच्या मुळाशी माशांची पिल्ले लपतात, बेडूक अंडी देतात, चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या वाढतात. हे चतुर डास खातात, त्यांच्या अळ्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात. काठ सिमेंटचा केला की डास राहतात आणि त्यांना खाणारे जातात.

त्याच्या वर निर्गुडी, शेरणी, शिंदी अशी झुडपे आणि झाडे. पाण्यावर ओणवलेल्या बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला सुगरण घरटी बांधते, कारण खाली पाणी असले की सापाला आणि मांजराला तिथे पोचणे अवघड जाते. आणखी वर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. उंबराला वर्षभर फळे येत असतात, म्हणून इतर झाडे रिकामी असतात त्या दिवसांतही पक्ष्यांना तिथे खाणे मिळते. नदीच्या वळणावर मातीची उभी दरड असते. आपल्याला ती कोसळलेली, कुरूप वाटते. वेडा राघू आणि खंड्या मात्र घरट्यासाठी नेमक्या अशाच दरडीत बिळे कोरतात. त्या दरडीला दगडी पिचिंग केले की त्यांचे घर गेले. रेतीच्या आणि गोट्यांच्या मोकळ्या पट्ट्यावर टिटवी अंडी घालते. डोहात मरळ आणि वाम उन्हाळा काढतात. उथळ पाण्यात शेकाट्या आणि हळदीकुंकू बदक चरतात.

म्हणजे डोह, उथळ पाणी, रेती, दरड, झुडूप, झाड अशा सगळ्या पायऱ्या शाबूत असल्या तरच काठ जिवंत राहतो. दोन्ही बाजूंनी सरळ भिंती घालून, मधला तळ सपाट करून, वर हिरवळ आणि कारंजे बसवले तर या पायऱ्यांतली एकही उरत नाही. खोलीकरण-रुंदीकरणाच्या नावाखाली यंत्राने सगळे पात्र एकसारखे खोदले, तरी हेच होते.

दुसऱ्या बाजूला, जे हिरवे दिसते ते सगळे नदीचे नसते. बेशरम, जलपर्णी, वेडी बाभूळ आणि घाणेरी या परदेशांतून आलेल्या वनस्पती आहेत. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी फोफावते, पाण्यावर झाकण घालते, खालचा प्राणवायू संपवते. दरवर्षी ती काढायला पैसे खर्च करायचे आणि तिला खाऊ घालणारे सांडपाणी तसेच सोडायचे, यात शहाणपण नाही.

इतरांनी काय केले

जर्मनीतल्या म्यूनिक शहरात इसार नदीला एकोणिसाव्या शतकापासून सरळ कालव्यात कोंडले होते. २००० ते २०११ या काळात शहराने तिचा ८ किलोमीटरचा भाग मोकळा केला. काठाचे दगडी बांधकाम काढले, पात्र रुंद केले, गोट्यांचे पट्टे तयार होऊ दिले. त्याच्या जोडीने नदीच्या वरच्या भागातल्या सांडपाणी केंद्रांत अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण सुरू झाले. आज उन्हाळ्यात तिथे लोक त्या गोट्यांवर बसतात, पाण्यात उतरतात. पूर सामावण्याची क्षमता वाढली, हा त्या योजनेचा मूळ हेतूही साधला.

सिंगापूरमध्ये बिशान उद्यानाच्या कडेने कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सिमेंटचा कालवा जात होता. तो फोडून त्याची ३.२ किलोमीटरची वळणे घेणारी नदी करण्यात आली. २०१२ मध्ये हे काम पूर्ण झाले. एरवी लोक पाण्याच्या काठावर बसतात, जोराचा पाऊस आला की भोंगा वाजतो, माणसे वर येतात आणि तीच जागा पुराचे पाणी घेते. एकाच जमिनीचा माणसाने, नदीने आणि जिवांनी वेळ वाटून घेऊन केलेला हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. छत्रपती संभाजीनगरात पाणचक्कीजवळून वाहणारी खाम नदी कित्येक वर्षे नाला म्हणूनच ओळखली जात होती. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हेरॉक उद्योगसमूह यांनी मिळून तिच्यावर काम सुरू केले. आधी कचरा उचलला, तो पुन्हा पडू नये म्हणून घराघरातून गोळा करण्याची व्यवस्था सुधारली, मग काठ सावरला आणि लोखंडी पुलाजवळ लोकांना येऊन बसता येईल असे उद्यान केले. खामचे पाणी अजून निर्मळ झालेले नाही. पण ज्या काठाकडे लोक नाक धरून पाठ फिरवत, तिथे कुटुंबे फिरायला येऊ लागली. महानगराच्या तिजोरीशिवाय मराठवाड्यातही हे काम उभे राहू शकते, याचा हा पुरावा आहे.

पुण्याचा धडा वेगळा आहे. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. पात्र आवळले जाईल, पुराची पातळी वाढेल, जुनी झाडे जातील, अशी चिंता तिथल्या नागरिकांनी आणि अभ्यासकांनी मांडली. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकर झाडांसाठी रस्त्यावर उतरले. नदीकाठी फिरायला जागा हवी, याबद्दल दोन्ही बाजूंचे दुमत नव्हते. वाद होता तो त्या जागेत नदीचा वाटा किती, यावर. हिंगोलीने हा प्रश्न कंत्राट निघण्याआधीच सोडवावा.

कामाचा क्रम

माझे आजचे म्हणणे एका क्रमात सांगता येते. आधी पाणी, मग जागा, मग झाडे आणि सर्वांत शेवटी पायवाट व बाके. आपल्याकडे हा क्रम नेहमी उलटा होतो, कारण बाकाचे उद्घाटन करता येते आणि सांडपाण्याच्या नळाचे होत नाही.

पाण्याचे काम कसे करायचे? नदीत उतरणारा प्रत्येक नाला मोजायचा. मोठ्या नाल्यांचे पाणी अडवून प्रक्रिया केंद्राकडे न्यायचे. लहान नाल्यांसाठी स्वस्त आणि कमी विजेचे उपाय आहेत. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडी-वाळूच्या कुंडांत पाणकणीस, कर्दळ अशा वनस्पती लावतात आणि त्यांच्या मुळांभोवतालचे जिवाणू सांडपाणी शुद्ध करतात. ही कुंडे स्वतःच एक लहानशी पाणथळ जागा बनतात. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या सांडपाणी व्यवस्थापनाला स्वच्छ भारत अभियान शहरी २.० मध्ये वाट ठेवलेली आहे आणि जलस्रोतांच्या पुनरुज्जीवनासाठी अमृत २.० मध्ये. म्हणजे आपल्या एवढ्या शहरासाठी दार उघडे आहे. नेटका प्रस्ताव आपण तयार केला पाहिजे. लक्ष्य काय ठेवायचे? स्नानायोग्य पाण्यासाठी जैविक प्राणवायूची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मापे आहेत. ती गाठायला वेळ लागेल, पण दर महिन्याचा आकडा पालिकेच्या फलकावर लागायला वेळ लागण्याचे कारण नाही.

जागेबाबत कायदा आपल्या बाजूला आहे. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बांधकामाला मनाई आहे, बाग, मैदान, हलकी पिके असा मोकळा वापर चालतो. नियमानेच नदीला आणि खेळणाऱ्या मुलांना एकत्र जागा देऊन ठेवली आहे. ती रेषा कागदावरून जमिनीवर दगडी खुणांनी आली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरले तेव्हा घरांचे, दुकानांचे किती नुकसान झाले, हे आपण पाहिले. पाण्याला पसरायला जागा मिळाली नाही, की ते लोकांच्या घरात शिरते. रेषेच्या आत राहणारी गरीब कुटुंबे हौसेने तिथे गेलेली नाहीत. त्यांना जवळपास पक्के घर देऊन मगच हलवावे. आणि नियम लावताना झोपडी व पैसेवाल्याचा भूखंड यांना एकच रेषा लागू व्हावी.

झाडांच्या बाबतीत घाई करू नये. बेशरम आणि वेडी बाभूळ टप्प्याटप्प्याने काढावी, एकदम काढली तर माती वाहून जाते. त्या जागी इथलीच झाडे, इथल्याच बियांची लावावीत. जिथे दरड आहे तिथे दरड राहू द्यावी, जिथे रेती आहे तिथे रेती.

कोणासाठी?

शेवटी पायवाट. ती कोणासाठी असेल? रोज पहाटे या शहराच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावतात. राज्य राखीव पोलीस बलाचा गट असलेल्या या गावात ते स्वप्न घरोघरी आहे. डांबरावर गुडघे झिजतात, ट्रकची भीती वेगळी. त्यांना नदीकाठी मातीची सलग पायवाट द्या. ज्या स्त्रियांना संध्याकाळी घटकाभर निर्धास्त चालायला गावात जागा नाही, त्यांच्यासाठी ती वाट खुली, दोन्ही टोकांना वर्दळीची आणि स्वच्छतागृह असलेली हवी. दिवे खाली वळलेले आणि ठरावीक वेळेपर्यंतच असावेत. रात्र पाखरांची आणि वटवाघळांची. म्हाताऱ्यांना उंबराखाली पार हवा. ज्यांची रोजी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याशी बांधलेली आहे, त्या भोई आणि परीट समाजांना आराखडा करताना पहिल्या बैठकीला बोलवावे. डोह कुठे होते, मासे कुठे चढत, हे त्यांना नकाशापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि प्रवेशाला तिकीट नसावे. हिंगोलीचा दसरा महोत्सव जसा सगळ्यांचा, तसा काठही सगळ्यांचा असावा.

माणूस काठावर रोज येऊ लागला, की नदीला राखणदार मिळतो. कचऱ्याची गाडी तिथे उभी राहिली तर विचारणारे कोणी असते. शाळेतली मुले खंड्या ओळखू लागली, तर पुढे त्याची दरड तोडू देणार नाहीत. जैवविविधता आणि लोकांची करमणूक यांत मला विरोध दिसत नाही तो यामुळे. क्रम नीट ठेवला तर दोन्ही एकमेकांना राखतात.

मोठ्या शहरांनी आपले काठ सिमेंटखाली घालवले आणि आता ते फोडायला कोट्यवधी रुपये मोजत आहेत. हिंगोली १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे ठिकाण झाली. तिची खरी वाढ अजून व्हायची आहे. कयाधूच्या काठाची मोकळी जागा जेवढी आज आहे, तेवढी दहा वर्षांनी असणार नाही. आपल्या हातात ही संधी आहे आणि ती थोड्या काळापुरतीच आहे.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे संरक्षण आणि उद्याने-मैदाने हे दोन्ही विषय नगरपालिकांकडे दिले. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तेव्हा इथून उठताना चार मागण्या ठरवून उठू या. शहरातल्या नाल्यांची मोजणी करून यादी जाहीर व्हावी. निळी पूररेषा खुणांनी जमिनीवर आखावी. नोंदवहीत कयाधूचे वेगळे प्रकरण असावे आणि ते शाळा-महाविद्यालयांनी पालिकेबरोबर लिहावे. चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची. नगरपालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात कयाधूच्या नावाचे स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल. खर्चाच्या वहीत नाव आले, की दरवर्षी त्याचा हिशेब मागता येतो. तो हिशेब पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर मांडला जावा, अशी मी संयोजकांना विनंती करतो आणि थांबतो.